पहिला दिवाळसण आणि रुसलेले पाय

यंदाच्या दिवाळीत मी एक साधासा निर्णय घेतला. व्याह्यांना माझा पार्किन्सन्स कळू द्यायचा नाही. आमच्या तेजस्वीचा हा लग्नानंतरचा पहिला दिवाळसण. जावई ऋतुराज, ती आणि व्याही-विहीण मुरगूडहून पाडव्याला जेवायला येणार. अशा वेळी मुलीच्या बापानं थरथरत पुढं येणं काही बरं दिसत नाही.

"सांगून टाका की एकदाचं," ही म्हणाली.

"दिवाळी झाल्यावर," मी म्हणालो. (आमच्याकडं बाथरूमच्या गळक्या नळापासून सगळी कामं दिवाळी झाल्यावर होतात.)

माझा प्लॅन बिनतोड होता. गोळी घेतली की हात शांत होतो, पाय माझं ऐकतात, आणि काही वेळानं दोघंही पुन्हा आपापल्या मनाचे मालक होतात. तेव्हा पाहुणे मुरगूडहून निघाले की गोळी घ्यायची, आणि तरीही हात थरथरलाच तर तो झब्ब्याच्या खिशात कोंबायचा.

सकाळी व्याही उदयसिंहरावांचा फोन आला. "निघालोय, पावणं."

मी लगेच गोळी घेतली. थोड्या वेळानं इतका ठणठणीत झालो, की वाकडा आकाशकंदील सरळ केला आणि ताटात चकल्या मांडल्या, त्याही एक न मोडता. पाहुणे मात्र येईनात. मी फोन लावला.

"निघालोय की," उदयसिंहराव म्हणाले. मागं त्यांची म्हैस ओरडत होती. आमच्या भागात 'निघालोय' म्हणजे निघायचा विचार पक्का झालाय, हे सारा जन्म कोल्हापुरात काढून मी विसरलो होतो.

गाडी दारात आली तेव्हा गोळीचा अंमल पार उतरला होता. दुसरी घेतली होती, पण तीही बहुतेक निघायच्याच विचारात होती. मी कसाबसा फाटकापर्यंत गेलो. हात खिशात असल्यामुळं नुसतीच मान हलवली आणि पाहुण्यांच्या पुढं चालत घराकडं वळलो. आत ही ओवाळणीचं ताट घेऊन उभी होती. उंबऱ्याशी आलो आणि माझे पाय जमिनीला चिकटले. या आजारात असं होतं. दार दिसलं की पाय रुसतात.

"या, या, आत या," मी दार अडवून म्हणालो.

"व्हा की पुढं," मागून उदयसिंहराव म्हणाले.

"छे, छे, आधी तुम्ही. मान तुमचा."

"तुम्ही हलला तर आम्ही येणार न्हवं?"

"तेही खरंच," मी म्हणालो आणि तसाच उभा राहिलो.

 मग उदयसिंहरावांचा आवाज चढला. "पावणं, आत घ्यायचं नसंल तर सरळ सांगा. जातो आम्ही माघारी."

मान वळवून पाहिलं तर तेजस्वीचे डोळे भरून आले होते. पोरीचा पहिला सण मी उंबऱ्यातच मोडीत काढत होतो. माझं उरलंसुरलं अवसान गळालं.

"मला पार्किन्सन्स आहे," मी सांगून टाकलं. "हात थरथरतो, चेहरा ताठ होतो, चालता चालता पाय अडकतात. आत्ता ते अडकलेत. मानबिन काही नाही."

विहीणबाई मटकन पायरीवर बसल्या. "आजार हाय व्हय? बरं झालं बाई."

"म्हंजे आमचं पोरगं तुम्हाला पसंत हाय?" उदयसिंहरावांनी विचारलं.

"आहे की. पहिल्यापासून आहे," मी म्हणालो.

"मग लग्नात तसलं तोंड करून का बसलातासा? आमच्या घरात कुणाच्या घशाखाली घास उतरंना झालता."

माझ्या आजाराची बातमी ऐकून इतकी माणसं एकदम आनंदित झालेली मी प्रथमच पाहिली. ऋतुराजनं तर चक्क मोठा सुस्कारा टाकला. आणि खरं सांगतो, मलाही फार हलकं वाटलं. हात खिशातून काढला आणि त्याला मनसोक्त थरथरू दिलं.

"पायापुढं काहीतरी आडवं ठेवा, म्हंजे ओलांडायला पाय उचलत्यात," ही आतून म्हणाली. उदयसिंहरावांनी आपलं पायताण काढून माझ्या पुढ्यात सरकवलं. मी टांग टाकली आणि मागोमाग सगळे आत आले.

जेवताना विहीणबाईंना माझी फारच दया आली. हिचा हात हातात घेऊन त्या म्हणाल्या, "किती सोसलं असंल तुम्ही. चांगल्या हसत्या माणसाचं तोंड आजारानं असं केलं."

हिनं माझ्या ताटात श्रीखंड वाढलं. "हात दोन वर्षं झाली थरथरतोय, बाई," ती म्हणाली. "तोंड मात्र मला बघायला आलते तवापास्नं असंच हाय."