काही न करण्याचं अनुदान

काहीही न करण्याबद्दल सरकार पैसे देणार, हे कळले तेव्हा निवांतराव चक्क उठून बसले. योजना सोपी होती. शेत हंगामभर पडीक ठेवायचे, जमिनीला विश्रांती द्यायची. शेवटी तपासनीस येऊन बघून जाणार आणि अनुदान खात्यात जमा होणार.

"विश्रांती कशी घ्यायची, ते जमिनीला तुमच्याकडून शिकता येईल," बायको म्हणाली. पण अर्ज तिनेच भरला. स्वयंपाकघराचे छप्पर तीन ठिकाणी गळत होते आणि निवांतराव चार वर्षे "बघू" म्हणत होते. अनुदान आले, की माणसे लावून पत्रे बदलायचे ठरले.

निवांतरावांनी जबाबदारी मनावर घेतली. रोज दुपारी ते बांधावर आडवे होऊन जमिनीवर लक्ष ठेवत आणि कलिंगड खात. बिया थुंकायला अख्खे शेत मोकळे होते. पंधरा दिवसांनी तेवढे चालणेही जड वाटू लागले, म्हणून ते घरातूनच लक्ष ठेवू लागले.

तपासणीच्या दिवशी भल्या सकाळी आई धापा टाकत आली. "अरे, ऊठ! शेतात कलिंगडं लागलीत!"

"कुणाच्या?"

"तुझ्याच! चांगली तेवीस आहेत. मोजून आले."

"पीक दिसलं की अनुदान गेलं!" बायकोने कपाळावर हात मारला. "आणि साहेब दहाला येणार!"

मग जे घडले, ते पाहायला शेजारी कुंपणापाशी जमले. स्वतःचे ताट न उचलणारा माणूस कुदळ घेऊन धावत होता. त्याने वेल उपटले, मुळे खणून काढली, ढेकळे फोडली आणि सगळी जमीन तळहातासारखी सपाट केली. आईने पान न् पान वेचले. बायकोने हातगाडीवरून कलिंगडे घरी आणली आणि कपाटात, पलंगाखाली, गाद्यांच्या मागे कोंबली. शेवटचे सगळ्यात मोठे होते. ते माळ्यावरून काढून घरात टांगलेल्या जुन्या पाळण्यात निजवून वर शाल घातली.

दहा वाजता तपासनीस शेत बघून सही घ्यायला घरी आले. पाळणा बघून त्यांनी आवाज खाली आणला. "बाळ झोपलंय वाटतं?"

"नात आहे," आई म्हणाली.

"फारच शांत आहे हो."

"बापावर गेलीय," बायको म्हणाली.

तपासनिसांनी कौतुकाने पाळण्याला झोका दिला. जुनी दोरी तुटली. नात जमिनीवर आदळून दुभंगली आणि लाल पाण्याचा ओघळ साहेबांच्या बुटापर्यंत गेला. साहेबांनी किंकाळी फोडली. मग बिया दिसल्या, तेव्हा ते मटकन खुर्चीत बसले.

"साहेब, चूक माझी आहे," निवांतराव हात जोडून म्हणाले. "बिया मी थुंकल्या. पण आता शेतात काडीसुद्धा नाही."

"अहो, पण आपोआप उगवलेलं चालतं!" साहेबांनी नियमांची पुस्तिका उघडून दाखवली. "कलिंगड काय, जंगल माजलं तरी चालतं. जमिनीला हात लावायचा नाही, एवढीच अट आहे. तुमची जमीन तर मी आत्ताच पाहिली. इतकी सुरेख मशागत मी नोकरीत दुसरीकडे पाहिली नाही."

साहेबांनी अर्जावर शेरा लिहिला, शिक्का मारला, प्रत बायकोच्या हाती दिली आणि उरलेल्या बावीसपैकी एक कलिंगड आग्रहामुळे काखोटीला मारून गेले.

बायकोने शेरा मोठ्याने वाचला : 'अर्जदार अत्यंत कष्टाळू. अनुदानास अपात्र.'

"पुन्हा वाच गं," आई डोळे पुसत म्हणाली. "हे ऐकायला माझा जन्म गेला."

निवांतरावांनाही भरून आले. ते हळूच पलंगाकडे सरकले. तेवढ्यात बायकोने मागच्या दारातून शिडी आणून भिंतीला लावली आणि कागद त्यांच्यासमोर धरला.

"सरकारचा शिक्का आहे," ती म्हणाली. "चढा."