‘किंवा’च्या पुढे

“फुकटातलं आहे ना, मग असंच चालायचं,” साखरशेतच्या शाळेचे हेडमास्तर पुटपुटले. भोये सरांनी मागे न वळता उत्तर दिलं, “फुकट आहे, पण माझं आहे. काय अडलंय ते बोला.”

जव्हारमधल्या ज्या कॉम्प्युटर क्लासात मी शिकवायचे, तिथे सरांचं हे वाक्य रोज ऐकू यायचं. भोये सर प्राथमिक शिक्षक. एकटे राहायचे, शाळा सुटली की क्लासात यायचे. हाताने निकालपत्रकं लिहून बोटं दुखली म्हणून त्यांनी ‘निकाल’ नावाचा प्रोग्राम बनवला आणि जव्हार-मोखाड्यात ज्या शाळेत कॉम्प्युटर पोचला होता तिला फ्लॉपीवर देऊन टाकला. प्रोग्रामचं आतलं लिखाणही, म्हणजे कोड, उघडं ठेवलं. कुणीही वाचावं, सुधारावं. सुधारलं कुणीच नाही. सगळे फोन करायचे, तेही क्लासच्या नंबरवर. प्रिंटर अडकला, फोन. एका गुरुजींकडे दोन दिवस वीज नव्हती, तो दोषही ‘निकाल’चाच. सर थकल्या आवाजात म्हणाले, “वीज पुढच्या आवृत्तीत बघतो.”

मी इंग्रजी माध्यमाची, म्हणून अशा फुकट प्रोग्रामांसोबत येणारा अटींचा कागद त्यांनी मला मराठीत करायला दिला. मी लिहिलं: ‘जसा आहे तसा घ्यावा. नुकसान झाल्यास लेखक जबाबदार नाही.’

“शेवटचं खोड, ताई.”

“सगळेच लिहितात, सर.”

“त्यांना वापरणारे भेटत नसतील. मला एसटीत भेटतात.”

निकालाच्या दिवशी सूर्यमाळच्या गुरुजींचा फोन आला. “सर, तुमच्या प्रोग्रामनी माझी एक पोर गिळली!”

चौथीत दोन सुनीता वारघडे होत्या. दोघींची जन्मतारीख एक जून. आमच्याकडे जन्मतारीख घरात कुणाला ठाऊक नसली की शाळा एक जून लावते, सरांचीही तीच. पण नाव तेच, तारीख तीच, म्हणजे नोंद चुकून दोनदा झाली, असं समजून प्रोग्राम त्यातली एक काढून टाकायचा. दुसऱ्या सुनीताला निकालच मिळाला नाही. नापास झाले समजून ती रडत घरी गेली, आणि बाप म्हणाला, आता शाळा पुरे.

सर मिळेल त्या एसटीने गेले. दुसऱ्या दिवशी परतले ते चेहरा रापलेला, चपलेचा अंगठा तुटलेला.

“तिच्या बापाला म्हटलं, पोर पास आहे, चूक माझी. तो म्हणाला, एवढ्यासाठी इतक्या लांब आलंस, म्हंजे खरंच असंल. पाठवतो म्हणाला पाचवीला.” सर खुर्चीत टेकले. “पाणी दिलं त्यांनी. किती लांबून आणतात ते. मी अर्धा तांब्याच प्यालो.”

मग त्यांनी कॉम्प्युटर लावला. ‘निकाल’ उघडला की पहिल्याच पानावर ओळ यायची: ‘अडचण आल्यास भोये सर, किंवा’. पुढे रिकामी जागा. दोन वर्षं तशीच.

“मी आजारी पडलो तर कुणाला फोन करतील गं?” ते पडद्याकडे बघत म्हणाले. “चालतंय तेव्हा तर कुणी करत नाही.”

त्यांचं लिखाण मी कधीपासून गुपचूप वाचत होते. ती नाव-तारखेची ओळ मला तेव्हाच खटकली होती. मोठ्या माणसाची चूक कशी काढायची, म्हणून गप्प बसले होते.

सर ती ओळ शोधत वरखाली करत होते. मी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले.

“अजून खाली, सर. वडिलांचं नावही तपासायला हवं. मला हे दिवाळीतच दिसलं होतं. आणि त्या ‘किंवा’च्या पुढे माझं नाव लिहा.”