विरूपाक्षप्पांचे चौकोन

मुलाचा बायोडेटा विरूपाक्षप्पांनी अर्जाच्या नमुन्यात बनवायला घेतला, तेव्हाच मल्लिकार्जुनने त्यांना अडवायला हवं होतं. पण लातूरच्या दाळमिलमधून तो संध्याकाळी दमून यायचा, आणि आप्पा एकतीस वर्षं कारकुनी करून निवृत्त झालेले. नमुना म्हटलं की त्यांचे हात शिवशिवायचे.

"आप्पा, मी अविवाहित हाय एवढं लिवलं की झालं. हे विधुर, घटस्फोटित कशाला?"

"नमुन्यात सगळे पर्याय द्यायचे असतेत. लागू असंल तिथं खूण करायची. मोघम काम आपल्याला चालत न्हाई."

खूण करायची तर प्रत्येक पर्यायापुढे चौकोन हवा. तो कॉम्प्युटरवर कसा टाकायचा, हे आप्पा मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकले. इंग्रजी 'ओ' टाइप करायचा आणि त्याला चिन्हांचा फॉन्ट लावायचा, की झाला चौकोन. दोन दिवसांत त्यांनी सतरा चौकोन टाकले आणि प्रत्येक वेळी बायकोला स्वयंपाकघरातून बोलावून दाखवले. खुणा मात्र प्रती छापून आल्यावर पेनाने करायच्या होत्या. खूण शाईचीच, याबाबतीत ते ठाम होते.

फाईल चौकातल्या नरसिंगच्या डीटीपीच्या दुकानात गेली. नरसिंग मोठा उत्साही माणूस. फाईलमध्ये दोन वेगवेगळे फॉन्ट दिसताच त्याने सगळा मजकूर एकाच मराठी फॉन्टात करून टाकला. वर आप्पांचा त्रास वाचावा म्हणून समाजाच्या वधूवर ग्रुपवर तो परस्पर पाठवूनही दिला.

तासाभरात उदगीरहून आप्पांच्या थोरल्या बहिणीचा, पार्वतम्मांचा फोन आला.

"विरूपाक्षा, मल्लूचं पयलं लग्न कवा झालं रे? सख्ख्या आत्याला पंगतीचं आवतन न्हाई?"

"कसलं लग्न, अक्का?"

"ह्यात लिवलंय की! 'व अविवाहित व विधुर व घटस्फोटित.' एक मेली, एक सोडली, आन गडी परत अविवाहित!"

आप्पांनी चष्मा लावून ग्रुप उघडला. सतराच्या सतरा चौकोनांच्या जागी 'व' बसला होता. 'आहार: व शाकाहारी व मांसाहारी.' 'व्यसन: व नाही व तंबाखू व दारू.' ज्या मुलाने आयुष्यात कधी सुपारी खाल्ली नव्हती, त्याचं चारित्र्य तीनशे घरांत पोचलं होतं.

"त्या मराठी फॉन्टात इंग्रजी 'ओ'च्या जागी 'व' असतोय, काका," आप्पांनी तडक दुकान गाठल्यावर नरसिंग कान खाजवत म्हणाला. "मी आपलं चांगलं दिसावं म्हणून केलं."

आप्पांनी दुकानाच्या पायरीवरच उभं राहून ग्रुपवर शुद्धिपत्रक टाकलं. त्यांना लिहायचं होतं, 'सर्व व रद्द समजावेत.' मोबाईलने आपल्या अकलेने शब्द पुरा केला, आणि ग्रुपवर आलं: 'सर्व वर रद्द समजावेत.'

निलंग्याहून एका गृहस्थांचा फोन लगेच आला. "माझ्या पोराचं सोमवारी लग्न हाय. हॉल ठरलाय, आचारी ठरलाय. रद्द करणारे तुमी कोण?" आप्पा त्यांना समजावत होते, तोवर कुणीतरी त्यांना ग्रुपमधून काढूनही टाकलं.

पंधरा दिवस घरात कुणी लग्नाचं नाव काढलं नाही. मल्लिकार्जुन मिलमध्ये गेला की हमाल विचारायचे, "वहिनी कितवी?" तो हसण्यावारी न्यायचा, पण घरी येऊन मुकाट जेवायचा. आप्पांना ते बघवत नव्हतं.

मग धर्माबादहून एका मुलीच्या वडिलांचा, अमरनाथांचा फोन आला. "आमची दामिनी म्हणती, पोराला घिऊन या."

"बायोडेटा वाचलाय ना तुमी?" आप्पांनी घाबरतच विचारलं.

"तिनं वाचलाय. तिनंच बलवलंय."

रविवारी बापलेक धर्माबादला गेले. पोहे झाले, चहा झाला. दामिनी कॉम्प्युटर क्लासमध्ये टायपिंग शिकवायची. तिने बायोडेटाची प्रत समोर ठेवली.

"हे चौकोन होते, फॉन्ट बदलल्यावर 'व' झाले, हे मला बघताबरोबर कळलं. पोरं रोज हीच चूक करतेत. बाकीचं मी अंदाजानं लावलं. एक तेवढं लागंना." तिने बोट ठेवलं. "'मुलीने नोकरी करावी: व हो व नाही.' ह्यात खूण कुठं करायची होती?"

आप्पांच्या मनातली खूण 'नाही'वर होती. त्यांनी घसा साफ केला. "त्याचं कसं हाय, की घरातल्या चर्चेनं..."

मल्लिकार्जुनने त्यांच्या खिशातलं पेन काढलं, 'हो'च्या पुढचा 'व' खोडला, तिथे वाकडातिकडा चौकोन काढला आणि ठसठशीत खूण केली. कान लाल झाले होते त्याचे.

दामिनीने मान डोलावली आणि फायलीतून दुसरा कागद काढला. "आता हा आमचा नमुना."

एका ओळीत आखलेले सारखे चौकोन, नीट समास, अनुक्रमांक. सहाव्या क्रमांकावर होतं: 'स्वयंपाक (वराने भरावे)'. पुढे दोन चौकोन. 'येतो' आणि 'शिकेन'.

आप्पांनी कागद उलटूनही पाहिला. "बाळ, ह्यात 'न्हाई'चा चौकोन राहिलाय."

"राहिला न्हाई काका. टाकलाच न्हाई."

मल्लिकार्जुनने 'शिकेन'वर खूण केली. आप्पांनी तो कागद हातात घेतला, चष्मा सरळ केला आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत बोट फिरवत तपासला.

"नमुना बिनचूक हाय," आप्पा शेवटी म्हणाले. "ह्याची एक प्रत आमच्याबी फायलीला द्या."