चौथ्या मजल्यावरची प्रेरणा

ताईंचा अहवाल तिसऱ्यांदा परत आला, आणि या खेपेला त्यावर ताईंच्या निळ्या शाईपेक्षा संचालिकाबाईंची लाल शाई जास्त होती. अहवाल होताच मुळी साडेतीन ओळींचा. 'आजोबांचे गुडघे गेलेत. चौथ्या मजल्यावर एकटे राहतात. तीन महिने खाली उतरलेले नाहीत. त्याच इमारतीतली, तळमजल्याची आपल्या संस्थेची रिकामी खोली त्यांना द्यावी.' बावीस वर्षं ताई घरोघर जाऊन असलेच अहवाल लिहीत होत्या, आणि त्यांचा अर्थ काय, असं त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं.

पण मागच्या महिन्यात, ज्येष्ठांसाठी काम करणाऱ्या त्यांच्या संस्थेत, शब्दांचं प्रशिक्षण झालं होतं. शेवटी प्रत्येकाच्या हातात एक तक्ता पडला. डावीकडे 'टाळा', उजवीकडे 'वापरा'. सार एवढंच, की माणसाची उणीव लिहायची नाही, त्याचं बळ लिहायचं.

"ताई, 'गेलेत' काय?" संचालिकाबाई म्हणाल्या. "असं लिहितात का?"

"मॅडम, मी स्वतः बघून आलेय. गेलेतच."

"'हालचालींची स्वतंत्र लय' असं लिहा. आणि 'एकटे' तर अजिबात नको. 'स्वतःच्या सहवासात रमणारे.'"

"लिहिते. पण खोलीचं तेवढं..."

"शुक्रवारी समिती बसतेय. तोवर धड लिहिलेला अहवाल आला नाही, तर त्या खोलीत प्रशिक्षणाचं सामान टाकायचं ठरलंय."

म्हणजे आजोबा वर आणि तक्ते खाली! ताईंनी पदर खोचला. शब्दच हवेत ना, मग घ्या पोतंभर! रात्रीचा स्वयंपाक नवऱ्यावर सोपवून त्यांनी चार पानं लिहून काढली. शेजारीण दोन्ही वेळचं जेवण पोचवते म्हणून म्हातारा तगलाय, त्याचं झालं 'परिसराशी भक्कम नातं'. खाली उतरता येत नाही, त्याचं 'उंचीवरील वास्तव्यातील स्थैर्य'. आजोबा दिवसभर जिन्याच्या नावानं शिव्या घालतात, हे मात्र कुठे बसेना. बराच वेळ पेन चावून ताईंनी लिहिलं, 'उपलब्ध सुविधांविषयी ठाम आणि मोकळी मतं.' चौथं पान संपलं तेव्हा आजोबांचा ताईंनाच हेवा वाटू लागला होता.

शुक्रवारी समितीनं अहवाल ऐकला आणि सभासद गहिवरले. निवृत्त मुख्याध्यापकांनी तर चष्मा काढून पुसला. "असा माणूस आपल्याच इमारतीत राहतो, आणि आपल्याला पत्ता नाही!" अशा माणसाला तळमजल्यावर आणणं म्हणजे त्याच्या स्थैर्याचा अपमान, यावर एकमत झालं. फाईलवर 'सक्षम' असा शिक्का मारून ती बंद करण्यात आली आणि आजोबांना 'प्रेरक ज्येष्ठ' जाहीर करण्यात आलं. मानपत्र सोमवारी, खालच्या सभागृहात.

ताई संचालिकाबाईंच्या मागे धावल्या.

"मॅडम, ते नाही येऊ शकणार हो खाली."

"का बरं?"

ताईंनी मनातल्या मनात तक्ता धुंडाळला. जे जे खरं होतं, ते ते तक्त्याच्या डाव्या बाजूला होतं. "त्यांचं... वर स्थैर्य आहे," त्या कशाबशा म्हणाल्या.

"वा! मग आपणच जाऊ वर!"

सोमवारी बहात्तर पायऱ्या आणि सहा माणसं असा सामना झाला. दुसऱ्या मजल्यावर मुख्याध्यापकांनी बैठक मारली ती मारलीच. 'तुम्ही व्हा पुढे!' हा त्यांचा मास्तरी आवाज पार चौथ्यापर्यंत घुमला. तिसऱ्यापर्यंत संचालिकाबाईंचं बोलणं बंद झालं. बावीस वर्षांत ताईंनी हे पहिल्यांदाच पाहिलं. चौथ्यावर आजोबा खाटेवर पाय पसरून बसले होते. बाईंनी भिंतीला टेकून, दोन शब्दांमागे एक श्वास घेत, ताईंच्याच शब्दांतलं चार पानी मानपत्र वाचलं. आजोबांनी ते शेवटपर्यंत मन लावून ऐकलं.

"म्हातारा चांगला दिसतोय," ते म्हणाले. "कोण हा?"

"तुम्हीच की आजोबा!"

"अस्सं? राहतो कुठे?"

"इथेच, या खोलीत."

"मग राहू द्या त्याला इथेच. मला खाली न्या."

"तसं करता येत नाही हो," बाई म्हणाल्या. "तुमची फाईल 'सक्षम' म्हणून बंद झालीय. आता सहा महिने उघडायची नाही, असा नियम आहे."

आजोबांनी ताईंकडे पाहिलं. ताईंनी फरशीकडे.

"हे चार पानी कौतुक तुझं का गं पोरी?"

"चुकलंच माझं," ताई पुटपुटल्या.

"गप बस." आजोबा बाईंकडे वळले. "बरं, या प्रेरकानं करायचं काय असतं?"

"लोकांनी तुम्हाला भेटायचं, उमेद घ्यायची. आठवड्याला पन्नास जण तरी पाठवू आम्ही."

"इथे वर?"

"हो."

"निम्मे त्या तुमच्या मास्तरांशेजारी बसतील."

"ऐकू येतंय मला!" दुसऱ्या मजल्यावरून आवाज आला.

"आणि उरलेल्यांना वर घेऊन कोण येणार? तुम्हीच ना?"

"दर सोमवा..." बाई म्हणता म्हणता थांबल्या. त्यांनी उघड्या दारातून जिन्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या गुडघ्यांकडे.

पुढच्या पाच मिनिटांत तिथेच, उभ्या उभ्या, ठराव झाला. तळमजल्याच्या खोलीत प्रेरणा केंद्र उघडावं. प्रेरकानं तिथेच कायम राहावं. सामानाचं काय, असं एका सभासदानं विचारलं. त्याला बाईंनी खुर्ची आणायला पिटाळलं.

आजोबांना खुर्चीत बसवून चौघांनी उचललं. "जपून रे! पुढच्या, वाकू नकोस! मागच्या, तू खाली धर!" आजोबांचं मार्गदर्शन चालू होतं. प्रत्येक मजल्यावर ते खुर्ची थांबवायला लावत आणि खिडकीतून मान काढून बघत. "ते झाड केवढं झालंय! अरे, समोरच्यानं दार रंगवलं की!" खाली रस्त्यावर पोचल्यावर मात्र ते बराच वेळ नुसते येणाऱ्याजाणाऱ्यांकडे बघत राहिले. ताईंनीही त्यांना आत चला म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई टेबलाशी टेकतात न टेकतात तोच फोन वाजला. एक सूनबाई होत्या, मागच्या इमारतीतल्या.

"ताई, ते प्रेरक का काय ते... आमच्या सासूबाईंचं नाव घालता येईल का हो?"

"कितव्या मजल्यावर असतात?"

"तिसऱ्या."

ताईंनी कोरा कागद ओढला. "गुडघे?"

"पार गेलेत हो."

"वा!" ताई पेनाचं टोपण काढत म्हणाल्या. "आणि चिडचिड करतात का?"

"अहो, दिवसभर!"

"मग काही काळजी करू नका. सासूबाई फार थोर आहेत तुमच्या."