पहिला धडा फुकट

"देव असलेला हवा की नसलेला?" फोनवरच्या विक्रेत्याने विचारलं.

"नसलेला," लिफ्टवाला म्हणाला.

"नसलेला जरा महाग पडेल, साहेब."

लिफ्टवाल्याच्या कपाळावरची शीर तट्ट फुगली. "का? पुस्तकं तीच ना? त्यातून देव काढायचा आणि वर त्याचे पैसे घ्यायचे?"

"तसं नाही, साहेब. काढलेल्या जागी काहीतरी भरावं लागतं ना! माणसं बसवलीत आम्ही भरायला."

लिफ्टवाल्याने फोन बंद केला. हल्लीच्या फोनची हीच तर चीड येते. पूर्वी रागावलेल्या माणसाला रिसीव्हर दाणकन आपटता यायचा, समोरच्याच्या कानात तो आवाज जायचा आणि जिवाला थंडावा मिळायचा. आता काचेवर हलकेच बोट टेकवायचं. यात कसला आलाय राग?

हे सगळं सुरू झालं ते भिंगरीच्या विज्ञानाच्या पेपरावरून. भिंगरी म्हणजे लिफ्टवाल्याची नऊ वर्षांची मुलगी. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून हे नाव. दिवस आणि रात्र का होतात, असा प्रश्न होता. पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून, असं भिंगरीने लिहिलं. स्वतःभोवती फिरणं हा तिचा खास विषय असल्यामुळे तिने आकृतीही काढली. बाईंनी त्यावर लाल शाईने भली मोठी काट मारली आणि शेजारी लिहिलं, 'देवाची इच्छा.'

लिफ्टवाला कामाच्या कपड्यांत, हाताला ग्रीस लागलेलं असतानाच मुख्याध्यापिकेच्या खोलीत घुसला.

"लिफ्ट बंद पडली की 'देवाची इच्छा' म्हणून मी घरी जातो का हो? मग तुमच्या बाई कशा जातात?"

"आमच्या शाळेत असंच शिकवतात," मुख्याध्यापिका शांतपणे म्हणाल्या. "पटत नसेल तर घरी शिकवा."

"शिकवीनच!"

"शिकवा ना. तिची जागा मी राखून ठेवते. याल परत." आणि त्या हसल्या.

त्या भांडल्या असत्या तर लिफ्टवाला एखादेवेळी दुसऱ्या दिवशी निवळलाही असता. पण त्या हसल्या, आणि तिथेच तो इरेला पेटला. दाखला हातात घेऊनच तो घरी आला.

मुलांना घरी शिकवायला परवानगी होती, पण सहामाही संपली की शिक्षण खात्याचे अधिकारी घरी येऊन मुलाची तोंडी परीक्षा घेणार, आणि मूल नापास झालं तर त्याला पुन्हा त्याच शाळेत जावं लागणार, असा नियम होता. म्हणजे पुन्हा तीच खोली आणि तेच हसू. ते हसू पुन्हा बघण्यापेक्षा लिफ्टच्या खड्ड्यात उडी घेतलेली बरी, असं लिफ्टवाल्याने बायकोला जाहीर सांगितलं. ती नर्स होती. तिने फक्त एवढंच विचारलं, "आणि पुस्तकं कुठून आणणार?"

अभ्यासक्रम विकणाऱ्या कंपन्यांना तोटा नव्हता, पण त्यांच्या किमती ऐकून लिफ्टवाल्याला घाम फुटला. त्यात जे स्वस्त होते त्यांत गणितातसुद्धा देव होता. एकात ढगावर सात देवदूत बसलेले होते, त्यातले तीन उडून गेले, तर उरले किती? "कुठे गेले उडून? पत्ता द्या ना!" असं लिफ्टवाला त्या पुस्तकावर ओरडला. देव नसलेले सगळे महाग. शोधता शोधता मात्र त्याला एक गोष्ट दिसली. प्रत्येक कंपनी पहिला धडा फुकट देत होती.

"सुचलं!" त्याने टेबलावर मूठ आपटली. "कंपन्या पोत्याने पडल्यात. प्रत्येकीचा एकेक धडा घेतला तर सहामाही सहज निघते. देव असला तर परत पाठवायचा, नसला तर ठेवायचा. एक पैसा खर्च नाही!"

"अहो, पण ते सगळे पहिलेच धडे ना?"

"मग? पाया पक्का होईल!"

रागाच्या भरात केलेल्या योजनेत हे असंच होतं. ती कुठेतरी लंगडी असते, पण ती कुठे लंगडते ते दाखवलं की माणूस आणखी चिडतो. बायकोने ते ओळखलं आणि ती ड्युटीवर निघून गेली.

पहिले धडे येऊ लागले. भिंगरी सजीव आणि निर्जीव शिकली. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कंपनीचं सजीव आणि निर्जीव शिकली. एकं-दहं-शतं ती इतक्या कंपन्यांकडून शिकली, की तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं. नकाशा म्हणजे काय हे तिला पाठ झालं, पण त्या नकाशात पुढे काय असतं, ते कोणी सांगेना.

पण तिची खरी गाडी अडली ती बीपाशी. बहुतेक सगळ्या कंपन्यांचा विज्ञानाचा पहिला धडा बीवर होता. ओल्या कापसावर घेवड्याचं बी ठेवायचं. मोड खाली जातो, त्याचं मूळ होतं. आणि शेवटी हटकून एक प्रश्न: बी उलटं ठेवलं तर मूळ कुठे जाईल? वर की खाली? पुढच्या धड्यात पाहू.

"बाबा, कुठे जाईल?"

"येईल पुढच्या कंपनीत."

पुढच्या कंपनीत पुन्हा तोच कापूस, तेच बी आणि शेवटी तेच 'पुढच्या धड्यात पाहू.' भिंगरी संतापली. तिला बापाचा राग मिळाला होता, फक्त तो आजवर वापरायची वेळ आली नव्हती.

"बाबा, आपण खरंच ठेवून बघू या ना उलटं!"

"फालतू धंदे नकोत! परीक्षा तोंडावर आलीय. वाच तो धडा पुन्हा."

इकडे फुकटच्या धड्यांनी आपलं खरं रूप दाखवायला सुरुवात केली. प्रत्येक धड्यासाठी फोन नंबर द्यावा लागला होता, आणि लिफ्टवाल्याने आपला एकुलता एक नंबर देऊन टाकला होता. तोच नंबर तो सांभाळत असलेल्या प्रत्येक लिफ्टमध्ये, लाल अक्षरांत, 'अडकल्यास फोन करा' म्हणून रंगवलेला होता. आता दिवसभर विक्रेते फोन करू लागले. कुणी धडा आवडला का विचारी, कुणी घरात कोणता धर्म पाळता विचारी, कुणी दोन संचांवर एक दप्तर मोफत देई. लिफ्टवाला शिडीवर असो, जेवत असो की अंघोळीला, फोन वाजलाच.

एका दुपारी तो एका इमारतीच्या गच्चीवरच्या मशीनखोलीत, कोपरापर्यंत ग्रीसमध्ये होता. फोन वाजला. त्याने कोपराने तो चालू केला.

"हॅलो, मी शिक्षण खात्यातून बोलतेय, आणि मी इथे..."

एवढं ऐकून कोणाही सभ्य माणसाने पुढचं वाक्य पूर्ण होऊ दिलं असतं. पण त्या दिवशी सकाळपासून शिक्षण, शिक्षण ऐकून लिफ्टवाल्याचं डोकं उकळत होतं.

"आमच्या घरात देव नाही आणि पैसेही नाहीत!" तो गरजला. "पुन्हा फोन केलात तर बघा!"

फोन पुन्हा वाजला. त्याने तो बंदच करून टाकला आणि त्याला कित्येक दिवसांनी बरं वाटलं. संध्याकाळी कळलं की सरकारी कचेरीतली लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती, आत कुणी बाई होत्या आणि शेवटी पहारेकऱ्याने पहार घालून दार उघडलं. "मला फोन करायला काय झालं होतं लोकांना?" असं म्हणून लिफ्टवाला त्यावरही चिडला.

परीक्षेच्या दिवशी त्याने कधी नव्हे तो इस्त्रीचा शर्ट घातला. टेबल पुसलं. बायकोने रजा काढली होती. भिंगरी खुर्चीवर गाल फुगवून बसली होती. बेल वाजली, दार उघडलं आणि अधिकारीबाई आत आल्या.

"बसा, बसा," लिफ्टवाला अघळपघळ हसत म्हणाला. "आमचं घर म्हणजे तसं साधंच..."

"माहीत आहे," अधिकारीबाई म्हणाल्या. "देव नाही आणि पैसेही नाहीत."

लिफ्टवाल्याचा चेहरा पांढराफटक पडला. बायकोने नवऱ्याकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं. नर्स असल्यामुळे वाईट बातमी चेहऱ्यावरून वाचायची तिला सवय होती.

"पाऊण तास," अधिकारीबाई म्हणाल्या. "पाऊण तास मी त्या पेटीत उभी होते. आणि मदतीच्या नंबरावर, तुमच्या अर्जावर आहे त्याच नंबरावर, मला काय ऐकायला मिळालं, तर 'बघा'. आता बघतेच मी." त्यांनी प्रश्नांचा कागद काढला आणि चष्मा असा चढवला की लिफ्टवाल्याला डोळ्यांसमोर मुख्याध्यापिकेचं हसू दिसू लागलं.

"सजीव आणि निर्जीव यांत फरक काय?"

भिंगरीने एका दमात सांगितला. उदाहरणं दिली. दगड, झाड, मांजर, बादली. चालणारी पण निर्जीव वस्तू कोणती, हेही सांगितलं: लिफ्ट. अधिकारीबाईंचे ओठ आवळले गेले.

"चार हजार सातशे अडतीसमध्ये शतकस्थानी कोणता अंक?"

प्रश्न पूर्ण व्हायच्या आत उत्तर. नकाशा म्हणजे काय, नाम म्हणजे काय, पाण्याची रूपं किती? उत्तरं गोळीसारखी येत होती. भिंगरीचा आवाजही चढत होता, कारण ही सगळी उत्तरं देऊन देऊन तिला त्यांचा वीट आला होता. अधिकारीबाई कागद पुढे-मागे करू लागल्या. एखादा तरी प्रश्न चुकावा म्हणून त्यांचा जीव तीळ तीळ तुटत होता, आणि कागद तर संपला.

"सगळं बरोबर आहे," त्या धुसफुसत म्हणाल्या. "पास."

लिफ्टवाल्याने सुटकेचा निःश्वास टाकला, तोच भिंगरी खुर्चीवरून ताडकन उठली.

"मला नापास करा!"

"काय?" अधिकारीबाई आणि लिफ्टवाला एकदमच ओरडले.

"मला दुसरा धडा विचारा ना! बी उलटं ठेवलं तर मूळ कुठे जातं, ते विचारा! मला नाही येत! विचारा आणि नापास करा. शाळेतल्या बाई मला मुळीच आवडत नाहीत, पण त्या दुसरा धडा तरी शिकवतात!"

लिफ्टवाल्याला वाटलं, कुणीतरी आपल्या छातीवर पाना मारला. आजवर तो जगावर चिडला होता ते या पोरीसाठीच, असं त्याला मनापासून वाटत होतं. आणि ती चिडली होती ती त्याच्यावरच. "भिंगरी, शांत हो," तो पुटपुटला. हे वाक्य त्याने जन्मात पहिल्यांदा दुसऱ्याला उद्देशून उच्चारलं असेल.

अधिकारीबाई कागदाकडे बघत राहिल्या. त्यांचा आवाज खाली आला. "नापास कसं करू गं? मला तर करायचंच होतं. पण दुसऱ्या धड्यातलं आमच्याकडे काहीच नाही. खात्याला कुठे पुस्तकं घ्यायला पैसे देतात? कंपन्या फुकट नमुने पाठवतात, त्यातूनच काढतो आम्ही प्रश्न."

"मग मूळ कुठे जातं?" भिंगरी हटेना.

"मला नाही माहीत," अधिकारीबाई म्हणाल्या आणि सही करून उठल्या. दारात लिफ्टवाला अजिजीने म्हणाला, "बाई, लिफ्ट इकडे आहे. मीच सांभाळतो."

"म्हणूनच जिन्याने जाते," असं म्हणून त्या पाच मजले पायी उतरल्या.

भिंगरी भिंतीकडे तोंड करून उभी होती. बायको म्हणाली, "पाया पक्का झाला हो. पण पोरगी सहा महिने तळमजल्यावरच उभीय, दार उघडं ठेवून."

लिफ्टवाल्याने फोन उचलला आणि त्या पहिल्या विक्रेत्याला लावला. "तो नसलेला द्या. पूर्ण संच. महाग असू दे. हप्त्याने भरीन, पण दुसरा धडा आजच्या आज पाहिजे."

"वा, साहेब! पैसे भरा, लगेच नाव नोंदवतो. पहिला धडा तर तुमच्याकडे आहेच."

"दुसरा म्हणतोय मी."

"दुसऱ्याचं काम चालू आहे, साहेब. काढलंय सगळं, भरायचं राहिलंय."

बायकोने कानांवर हात ठेवले. पण लिफ्टवाला ओरडला नाही. त्याने काचेवर हलकेच बोट टेकवलं, स्वयंपाकघरात गेला आणि डबे धुंडाळून घेवड्याचं एक बी काढलं. बायकोच्या औषधांच्या पेटीतला कापूस घेतला, ओला केला आणि पेल्यात काचेलगत दाबून बसवला.

"उलटं ठेव," तो भिंगरीला म्हणाला.

तिने बी उलटं ठेवलं. "आता कुठे जाईल, बाबा?"

"मला काय माहीत!" तो खेकसला. आयुष्यभर पेट्या वर-खाली केल्या, पण आत बसलेल्याला वर कुठे आणि खाली कुठे हे कसं कळतं, हा विचार त्याच्या मनात कधी आलाच नव्हता.

बापलेक पेल्यासमोर हनुवट्या टेबलाला टेकवून बसले, दोघांच्याही कपाळाला सारखीच आठी. बी ढिम्म हललं नाही. लिफ्टवाल्याची शीर पुन्हा फुगू लागली. भिंगरीचे गालही फुगले.

"अहो, त्याच्याकडे असे डोळे वटारून बघू नका दोघं," बायको आतून म्हणाली. "घाबरून बाहेरच यायचं नाही ते."