एका ढिलाईची पाच इंग्रजी नावं

काम मंदावलं, हे एकच रडगाणं इंग्रजीत एकोणीस चालींवर गाऊ शकणारा माणूस अख्ख्या चिकलठाण्यात एकच. तो म्हणजे मी, इंद्रजीत! मूळ गाव देवगाव रंगारी, मुक्काम पुंडलिकनगर, हुद्दा मिरची पावडरीच्या कारखान्यात सुपरवायझर.

आमचं काम तसं सोपं. पट्ट्यावरून मिरचीची पाकिटं येतात. सखूमावशी ती खोक्यात भरतात. मी प्रत्येक खोक्यावर चिठ्ठी चिकटवतो आणि सही करतो. सहीशिवाय खोकं गोदामात जात नाही. पट्ट्याचा वेग पुंजारामभाऊंच्या हातात, आणि तो वर्षानुवर्षं सातावर ठेवलेला. मार्चमध्ये एक दिवस बघतो तर काटा पाचावर!

"पुंजारामभाऊ, हे काय?"

भाऊंनी मला बाजूला ओढलं. "हळू बोला, सायेब. मावशीचा हात मंदावलाय. गुडघे बी धरले असतील. दिवाळीला रिटायर व्हायच्यात. तवर कशाला म्हातारीला पळवायचं?"

बावीस वर्षं मावशी या पट्ट्यापाशी उभ्या आहेत. पुण्याच्या हेड ऑफिसला कळलं तर दिवाळीच्या आधीच घरी बसवतील, निरोपाचा नारळसुद्धा देणार नाहीत! मी छाती पुढं काढून म्हणालो, "तुम्ही पट्टा सांभाळा. पुणं मी सांभाळतो!"

दर महिन्याच्या रिपोर्टात 'माल कमी का?' असा एक रकाना असतो. मार्चमध्ये मी लिहिलं, 'स्लोडाऊन'. एप्रिलमध्ये तेच कसं लिहायचं? लोक म्हणतील, याला दुसरं इंग्रजी येत नाही! म्हणून 'लॉस ऑफ मोमेंटम'. मे महिन्यात 'टेपरिंग ऑफ'. जूनमध्ये 'लूजिंग स्टीम', खरं तर आमच्या कारखान्यात वाफ फक्त चहाला येते. जुलैमध्ये 'डिसेलरेशन'. हा शब्द लिहिताना मी स्वतःच तीनदा थांबलो.

या शब्दांसाठी मी एक वहीच केली. टेबलाशी बसून मोबाइलमध्ये शब्द शोधायचे, वहीत उतरवायचे, चार वेळा मोठ्यानं म्हणून बघायचे. मावशी कौतुकानं बघत राहायच्या. निदान मला तरी ते कौतुक वाटायचं.

ऑगस्टमध्ये पुण्याहून मंजुषा मॅडमचा फोन आला.

"इंद्रजीत, तुमच्याकडं चाललंय काय? पाच महिन्यांत पाच वेगवेगळे प्रॉब्लेम?"

"पाच?"

"मग! प्रत्येक शब्दाचा इथं वेगळा तक्ता केलाय. डायरेक्टरसाहेब म्हणाले, एवढे आजार एका पट्ट्याला असतील तर तो बंदच करा. उद्या मी स्वतः येते, स्टॉपवॉच घेऊन!"

फोन ठेवला आणि मलाच डिसेलरेशन झालं. एकट्या मावशींना वाचवायला निघालो होतो, आता अख्खा पट्टाच बुडवायची पाळी आली!

सकाळी मी मावशींना गाठलं. "मावशी, आज सुट्टी घ्या ना. घरी आराम करा."

"का वो? पावनी येनार आन म्या घरी? मला काय लाज वाटावी असं हाय का माझ्यात?"

"तसं नाही, मावशी..."

"मंग कसं?" असं म्हणून त्यांनी पदर खोचला आणि पट्ट्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. तेवढ्यात मॅडम येऊन पोचल्या. मी पुंजारामभाऊंना डोळ्यानं खुणावलं. मॅडमसमोर पट्टा पाचावर कसा ठेवणार? भाऊंनी देवाचं नाव घेतलं आणि काटा सातावर नेला. मॅडमनी स्टॉपवॉच दाबलं. मी डोळे मिटले.

उघडले तर काय! मावशींचे हात दिसतच नव्हते! पाकिटं येत होती आणि खोक्यात गडप होत होती. एक खोकं, दोन खोकी, चार खोकी!

"पुंजारामभाऊ, अजून वाढवा की!" मावशी ओरडल्या. भाऊंनी तोंड उघडं ठेवूनच काटा आठावर नेला.

इकडं खोकी माझ्या टेबलाशी येऊन थडकायला लागली. मी चिठ्ठी चिकटवतोय, सही करतोय, तोवर पुढची तीन हजर. चिठ्ठी खोक्याऐवजी बाहीला चिकटली. सही हातावर झाली. खोक्यांची चळत माझ्या डोक्याच्या वर गेली, हलली, आणि धाडकन कोसळली! दोन पाकिटं फुटली, मिरचीचा लाल ढग उठला, आणि मॅडमना अशा शिंका सुरू झाल्या की स्टॉपवॉच पट्ट्यावर पडून मिरचीबरोबर खोक्यात भरलं गेलं.

"थांबवा!" मॅडम नाक धरून म्हणाल्या. "मावशी, तुमचा हात एवढा चालतो, मग मार्चपासून माल कमी का?"

मावशींनी माझ्याकडं बघितलं. मग खाली बघितलं.

"खरं सांगू का, बाई? हे आमचे सायेब लई गुनाचे. पर मार्चपासनं त्यांचं इंग्रजीचं वाढलं. वहीत लिवत बसायचे आन खोकी तटायची. मला वाटलं, वरच्या सायबांनी बघितलं तर पोराला बोलनी बसतील. म्हनून म्या हात हळू केला. मला काय झालंय? गुडघे ठनठनीत हायेत!"

"आन म्या मावशीचा हात हळू झाला म्हनून पट्टा हळू केला!" पुंजारामभाऊ कपाळाला हात लावून म्हणाले.

मार्चमधला पहिला शब्द मी पट्टा मंदावल्यावर शोधला, असं मला वाटत होतं. पण वहीवरची तारीख बघितली. काटा पाचावर आला त्याच्या आदल्या आठवड्यातच 'सुपरवायझरला शोभतील असे इंग्रजी शब्द' या मथळ्याखाली मी तीन पानं भरली होती!

मॅडम पोट धरून हसल्या, मधेच शिंकल्या, पुन्हा हसल्या. "मावशी, दिवाळीनंतरही येत जा. नव्या बायकांना शिकवा." मग माझ्यासमोर रिपोर्ट ठेवला. "ते पाच शब्द खोडा आणि एकच खरं कारण लिहा. एका शब्दात."

मी वही उघडली. एकोणीसच्या एकोणीस शब्द वाचले. एकही कामाचा निघाला नाही. शेवटी वही मिटली, पेन झटकलं आणि मराठीत लिहिलं, 'मी'.

मावशींनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं आणि पुंजारामभाऊंच्या कानात, पण मला ऐकू येईल अशा बेतानं म्हणाल्या, "एका अक्षराला दहा मिंटं! भाऊ, काटा पाचावरच असू द्या."