पाण्याला थिजू द्या

सरांनी टेबलावरची इवलीशी काचेची बाटली उचलून उलटी केली आणि आतलं सगळं झाकणाशी येऊन डुचमळलं.

"थिजलं नाही अजून," सर म्हणाले.

"थिजत होतं सर. तुम्ही उलटं करेपर्यंत," धाकटी म्हणाली.

प्रयोगशाळेत सगळ्यांत लहान म्हणून तिचं नाव धाकटी पडलं होतं. बाटलीत पाणी होतं आणि पाण्यात तिने बनवलेले रेणू. हे रेणू एकमेकांचे हात धरून लांबलचक साखळ्या करतात, आणि त्यांत अडकून पाणी जेलीसारखं थिजतं. पण हात नुसते धरलेले, चिकटवलेले नव्हेत. हिसका बसला की सुटतात, घटकाभर शांत ठेवलं की पुन्हा धरतात. एवढ्यासाठी बिचारीने ऐन उमेदीची वर्षं घातली होती. दुपारी परीक्षक बाई येणार होत्या. त्यांना हे डोळ्यांनी दिसलं नाही तर डॉक्टरेटवर पाणी पडणार होतं.

आता थिजलं का, हे पाहायची या लोकांची रीत म्हणजे बाटली उलटी करणे. येणाऱ्याजाणाऱ्याचा हात आपोआप तिकडे जायचा. शिपाईकाकांनीही फरशी पुसता पुसता उलटी केली.

"काका, तुम्हीसुद्धा?"

"सगळेच करतात, म्हटलं आपणही करावं."

धाकटीने 'हात लावू नये' अशी चिठ्ठी डकवली. मग तर आजवर ढुंकूनही न पाहिलेले लोक आले. शेवटी तिने साध्या पाण्याची तशीच बाटली चिठ्ठीसकट टेबलावर ठेवली, खरी कपाटात दडवली आणि निवांत जेवायला गेली.

परतते तो बाई आलेल्या. सरांनी मोठ्या ऐटीत टेबलावरची बाटली उघडून उलटी केली, ती थेट बाईंच्या मांडीवर.

"हे थिजलेलं?" बाईंनी विचारलं.

"काम तिचं आहे, मॅडम. तिलाच विचारा," सर म्हणाले.

धाकटीने धावत जाऊन खरी बाटली काढली, आणि घाईघाईत ती हातातून निसटून फरशीवर घरंगळली. काच वाचली. आतल्या जेलीचं मात्र पुन्हा पाणी झालं होतं.

धाकटी आता चिडली. तिने बाटली बाईंसमोर ठेवली. "आता कोणी हात लावायचा नाही. सर, हाताची घडी घाला."

सरांनी निमूटपणे घातली. घटकाभराने धाकटीने झाकण काढलं.

"सर, इथे बसा." आणि तिने बाटली सरांच्या डोक्यावर उलटी धरली.

"अगं, अंगावर पडलं तर?"

"निरुपद्रवी आहे, सर. तुम्हीच प्रबंधात लिहायला लावलंय."

थेंबही पडला नाही. बाई वाकून वाकून पाहू लागल्या.

"आणि हलवलं तर?"

"सर भिजतील."

"हलवा," बाई म्हणाल्या.

सर भिजले. बाईंनी तिथल्या तिथे सही ठोकली आणि धाकटीला हाक मारली, "डॉक्टर, अभिनंदन." धाकटीला हसू आवरेना आणि रडूही.

"मी पहिल्यापासून सांगत होतो, मॅडम," नाकावरून ओघळणारं पाणी पुसत सर म्हणाले, "हे काम आमच्या दोघांचं आहे."